१०० जीबीला अडीच तास? घरच्या फाइल सर्व्हरचा वेग नेमका कुठे अडतो

लग्नसराईत एका लग्नाचे चार हजार रॉ फोटो, प्रत्येकी साधारण २५ एमबी, म्हणजे १०० जीबी. गिगाबिट नेटवर्क धड असेल तर एवढा डेटा घरच्या फाइल सर्व्हरवर पंधरा-सोळा मिनिटांत उतरतो. त्यालाच अडीच तास लागत असतील तर नव्या डिस्कची ऑर्डर देण्याआधी थांबा. अडीच तास हा आकडाच सांगतो की खोट बहुधा डिस्कमध्ये नाही, तारेत आहे.

संथ सर्व्हरच्या बाबतीत हे पक्कं लक्षात ठेवायचं: प्रत्येक बिघाडाचा स्वतःचा आकडा असतो. तो ओळखता आला तर निम्मं काम झालं, आणि न ओळखता सुटे भाग बदलत गेलात तर पैसे जातात, वेग तसाच राहतो.

हे मार्गदर्शन ज्या सर्व्हरसाठी आहे तो साधारण असा: ऑफिसातून निघालेला जुना पीसी, ८ जीबी रॅम, ४ टीबीच्या तीन-चार हार्ड डिस्क, वर डेबियन किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट हे लिनक्स, विंडोजवाल्यांना फोल्डर दिसावेत म्हणून साम्बा. नांदेडचा फोटो स्टुडिओ असो, लातूरच्या क्लासचे रेकॉर्ड केलेले तास असोत की जालन्यातलं करसल्लागाराचं ऑफिस, मांडणी बहुतेक हीच असते. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप करायच्या. सुरुवातीलाच दोन नियम. ज्याची दुसरी प्रत नाही असा डेटा आधी दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. आणि एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणारच नाही.

पहिलं काम: आकडा लिहून काढा

रॅमपेक्षा मोठी एकच फाइल घ्या. ८ जीबी रॅम असेल तर फाइल किमान २० जीबीची हवी. ती पीसीवरून सर्व्हरवर टाका आणि पाच मिनिटं वेगाच्या आलेखाकडे बघत राहा. मग हजारभर छोट्या फाइलींचा एक फोल्डर वेगळा टाकून बघा. दोन्ही आकडे कागदावर लिहा.

वेग सेकंदाला ११-१२ एमबीवर ठाम असेल तर जोडणी १०० मेगाबिटवर आली आहे (मेगाबिटला आठनं भागलं की एमबी). ३० ते ४० वर ठाम असेल तर बहुतेक डिस्क यूएसबी २.० च्या पोर्टला लावलेली असते, किंवा पीसी तारेऐवजी वायफायवर असतो. ११० ते ११५ दिसत असेल तर तक्रारीला जागाच नाही, गिगाबिट तार पूर्ण भरून वाहते आहे. सुरुवातीला ११० आणि काही जीबीनंतर धपकन २०-३० वर, असं झालं तर आधी दिसलेला वेग रॅमचा होता, डिस्कचा खरा वेग आत्ता दिसतोय. मध्येच वेग शून्यावर जाऊन दहा-वीस सेकंद तिथेच थांबत असेल, मग पुन्हा पळत असेल, तर एखादी डिस्क किंवा तिची केबल अडखळतेय. मोठी फाइल झपाट्यानं जाते आणि छोट्या फाइली रांगतात, हा बहुतेक वेळा बिघाडच नसतो. त्याचं कारण शेवटी येतं.

तार आणि डिस्क वेगळी करा

सर्व्हरवर ‘आयपर्फ३ -एस’ आणि पीसीवर ‘आयपर्फ३ -सी’ पुढे सर्व्हरचा पत्ता. या चाचणीचा डिस्कशी काही संबंध नाही, ती फक्त तार मोजते. ९४० मेगाबिटच्या आसपास आलं तर नेटवर्क सुटलं, पुढच्या भागाकडे जा. ९४ आलं तर दोष तिथेच आहे.

कारण सरळ आहे. १०० मेगाबिटला केबलमधल्या आठपैकी चारच तारा लागतात: १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी दोन्ही टोकं गुपचूप १०० वर येतात. दिवा लागतो, इंटरनेट चालतं, कुणाला शंकाही येत नाही. घरी क्रिंप केलेला प्लग उजेडात समोरून बघा. पारदर्शक प्लास्टिकमधून तांब्याची आठ टोकं एका रेषेत, अगदी पुढच्या भिंतीला टेकलेली दिसली पाहिजेत. कडेची तपकिरी तार एक-दोन मिलिमीटर मागे राहिलेली असते, त्यामुळे तिच्यावर पिन बसतच नाही. प्लग कापून नव्यानं क्रिंप करा. मग तारही तपासा: ब्लेडनं एक तार हलकी खरवडली आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. ती वाकवल्यावर लवकर तुटते, म्हणून पूर्ण तांब्याची कॅट ६ घ्या. गच्चीवरून उघड्यावर टाकलेली केबल दोन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकते, तिला पाइपातूनच न्या. खालच्या मजल्यावरचा जुना स्विच तेवढा उलटा करून वाचा. त्यावर १०/१०० लिहिलेलं असेल तर तुम्ही कितीही भारी केबल टाका, ११ च मिळणार.

आता एकेक डिस्क

सर्व्हरवर दुसरं काही चालू नसताना ‘एचडीपार्म -टी --डायरेक्ट’ पुढे डिस्कचं नाव. टी छोट्या लिपीतला हवा, मोठा टी फक्त रॅम मोजतो. प्रत्येक डिस्कवर तीनदा चालवा. ही आज्ञा डिस्कचा सुरुवातीचा, म्हणजे बाहेरच्या कडेचा भाग वाचते. तिथे ५४०० आरपीएमची डिस्क साधारण १५० ते १८०, ७२०० ची १८० ते २५० एमबी देते. आतल्या कडेला हाच वेग निम्म्यावर येतो, कारण आतल्या वर्तुळाचा घेर लहान आणि फिरण्याचा वेग तोच. म्हणून भरत आलेली डिस्क थोडी मंद वाटणं स्वाभाविक आहे.

त्या आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. एकाच मॉडेलच्या तीन डिस्क १६० देतात आणि चौथी ४०, तर गुन्हेगार सापडला. रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधून एकच साठा करणाऱ्या मांडणीत, सगळ्या डिस्कना एकमेकींची वाट पाहावी लागते, त्यामुळे चार बैलांत एक लंगडा असला तर अख्खी गाडी त्याच्या चालीनं चालते. हेच प्रत्यक्ष कॉपी चालू असताना बघायचं तर ‘आयओस्टॅट -एक्स २’ लावा. दर दोन सेकंदांनी प्रत्येक डिस्कची एक ओळ येते. वाचण्याचा आणि लिहिण्याचा ‘अवेट’ हे दोन रकाने बघा. ते मिलिसेकंदांत असतात. तीन डिस्क १०-२० दाखवतात आणि एक ४००, तर कारण बाकी सगळीकडे शोधणं थांबवा.

एक सापळा टाळा. ‘डीडी’नं शून्यं लिहून वेग मोजायची सवय खूप जणांना आहे. ती शून्यं आधी रॅममध्ये जातात, झेडएफएस या फाइल-प्रणालीवर तर आकसून जवळजवळ नाहीशीच होतात, आणि पडद्यावर सेकंदाला दीड जीबी दिसतं. तसला आकडा कुठल्याच हार्ड डिस्कचा नसतो. मोजायचंच तर ‘एफआयओ’ वापरा: ब्लॉक १ एमबी, फाइल रॅमच्या दुप्पट. मात्र लक्ष्य म्हणून फाइलचं नाव द्या. थेट डिस्कचं नाव देऊन लिहिण्याची चाचणी लावली तर त्या डिस्कवरचा डेटा गेलाच म्हणून समजा.

स्मार्टचे चार आकडे

स्मार्ट म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. ‘स्मार्टसीटीएल -ए’ चालवलं की तिचा लांबलचक तक्ता येतो. त्यातल्या ५, १९७, १९८ आणि १९९ या चार ओळींच्या शेवटचा कच्चा आकडा बघायचा. बाकीच्या ओळींनी नवख्या माणसाला उगाच घाम फुटतो. काही कंपन्यांच्या डिस्कवर पहिल्याच ओळीत कोटींचा आकडा असतो आणि तरी डिस्क ठणठणीत असते.

१९९ म्हणजे डिस्क ते मदरबोर्ड या वाटेत खराब झालेली पाकिटं. डिस्क चांगली, केबल वाईट. मशीन बंद करून साटा केबल बदला. दोन्ही टोकांना धातूची क्लिप असलेली केबल घ्या, ती बसताना टिक असा आवाज येतो. हा मोजक कधीच शून्यावर येत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्यानं बघा. वाढला नसेल तर प्रश्न मिटला. याच बिघाडात लिनक्सच्या ‘डीमेसेज’ या नोंदींमध्ये ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ अशा ओळी येतात आणि जोडणी ६ वरून ३, कधी १.५ गिगाबिटवर उतरते. १.५ गिगाबिटही सेकंदाला १५० एमबीच्या जवळपास वाहून नेतं, म्हणजे हार्ड डिस्कला तो उतार फारसा लागत नाही. वेळ खातो तो प्रत्येक रिसेट.

केबल बदलूनही रिसेट येतच असतील तर वीजपुरवठा बघा. साडेतीन इंची डिस्क सुरू होताना १२ व्होल्टवर दोन अँपियरच्या आसपास ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की जवळपास १०० वॅट, आणि जुन्या ऑफिस पीसीचा एसएमपीएस असतो २५० वॅटचा, तोही दहा वर्षं धूळ खाल्लेला. वीज देणाऱ्या एकाच मोलेक्स तारेवर चार फाटे काढून डिस्क लावू नका. फाटा घ्यावाच लागला तर अखंड साच्यात ओतलेल्या कनेक्टरचा नको, कारण तसले आतून शॉर्ट होऊन जळतात. तारा एकेक करून बसवलेल्या दिसतात तो घ्या.

५, १९७ किंवा १९८ मध्ये शून्याशिवाय काही असेल तर पृष्ठभाग खराब होतोय. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल न लागलेले सेक्टर. वेग शून्यावर जाऊन थांबतो तो यांच्यामुळे. साधी डेस्कटॉप डिस्क एक सेक्टर वाचायला मिनिटभर, कधी दोन मिनिटंही झगडते; लिनक्स मात्र ३० सेकंदांत धीर सोडून जोडणी रिसेट करतं आणि रेड ती डिस्क बाहेर काढू शकतं. नॅससाठीच्या, म्हणजे अशा फाइल सर्व्हरसाठी बनवलेल्या, डिस्क ७ सेकंदांत हार मानून रेडला सांगतात, मग रेड दुसऱ्या डिस्कवरून डेटा उभा करतं. तुमची डिस्क ही मर्यादा मानते का ते ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०’ नं कळतं. ७० म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागात ७ सेकंद. मानत नसेल तर त्या डिस्कसाठी लिनक्सची मुदत ३० वरून १८० सेकंद करा. बहुतेक डिस्क लाईट गेली की ही मर्यादा विसरतात, आणि मशीन सुरू होताना लिनक्सची मुदतही पुन्हा ३० होते. म्हणून दोन्ही आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवा. आपल्याकडे दिवसातून दोनदा लाईट जाते, हातानं किती वेळा टाकणार?

एसएमआर: डिस्क धडधाकट, जागा चुकलेली

सगळं तपासून झालं, स्मार्ट स्वच्छ आहे, वाचण्याचा वेग १७०, तरी लिहिताना काही दहा जीबीनंतर वेग २० वर. अशा वेळी डिस्कचं मॉडेल बघा.

पत्र्याच्या शेडवर पत्रे एकावर एक चढवून ठोकतात. मधला एक पत्रा बदलायचा तर त्यावर चढलेला आधी उचलावा लागतो. एसएमआर डिस्कवर डेटाचे पट्टे असेच एकमेकांवर चढवलेले असतात. तेवढ्याच जागेत जास्त डेटा बसतो, डिस्क स्वस्त पडते. पण मधला पट्टा बदलायचा तर पुढचे सगळे वाचून पुन्हा लिहावे लागतात. हा खटाटोप लपवायला डिस्कवर साध्या पट्ट्यांचा थोडा राखीव भाग असतो. नवा डेटा आधी तिथे पडतो आणि डिस्क मोकळी असताना जागेवर जातो. तो भाग भरेपर्यंत सगळं झकास. भरला की डिस्क एकाच वेळी आवरते आणि लिहिते, आणि वेग कोसळतो. घरी अधूनमधून चार फाइली टाकणाऱ्याला हे कधी कळतही नाही. रेडमध्ये नवी डिस्क घालून पुनर्बांधणी लावली की मात्र सलग ४ टीबी लिहायचे असतात, आणि काही तासांचं काम दिवसांवर जातं.

डिस्कच्या लेबलवर हे सहसा लिहिलेलं नसतं. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलनं नॅससाठी विकल्या जाणाऱ्या ‘रेड’ (म्हणजे लाल; वरच्या रेड मांडणीशी संबंध नाही) नावाच्या मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं जाहीर केलं; सीएमआर, म्हणजे पट्टे एकमेकांवर न चढवलेल्या, डिस्क त्यानंतर रेड प्लस नावानं वेगळ्या केल्या. सीगेटच्या आयर्नवुल्फ सीएमआर आहेत, बॅराकुडाच्या ४ आणि ८ टीबी एसएमआर. खरेदीआधी पूर्ण मॉडेल क्रमांक घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात सीएमआर हा शब्द शोधा. दुकानदाराला ‘नॅसची द्या’ एवढंच सांगून भागत नाही. एसएमआर डिस्क आधीच घेतली असेल तर फेकू नका. रेडमधून काढा आणि आठवड्याच्या बॅकअपला एकटी वापरा, त्या कामाला ती उत्तम आहे.

लाईट गेली, आली, आणि सर्व्हर मंदावला

‘काल बरं चालत होतं, आज सकाळपासून रखडतंय’ अशी तक्रार असेल तर आधी ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’ बघा. तिथे ‘रीसिंक’ शब्द आणि टक्केवारी दिसली तर रात्री लाईट गेली तेव्हा सर्व्हर अर्धवट लिहीत असताना बंद पडला आहे, आणि आता सगळ्या डिस्क एकमेकींशी ताडून बघणं चालू आहे. ४ टीबीची डिस्क १५० एमबीनं पूर्ण वाचायलाच साडेसात तास लागतात. मध्ये तुम्ही कॉपी लावली की दोन्ही कामं मंदावतात.

उपाय आहे बिटमॅप: कुठल्या भागात लिहिणं चालू होतं याची छोटी नोंद. ती असेल तर लाईट आल्यावर तेवढाच भाग ताडला जातो आणि तासांचं काम सहसा मिनिटांत आटोपतं. एमडीस्टॅटमध्ये ‘बिटमॅप’ची ओळ नसेल तर ‘एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल’ पुढे ॲरेचं नाव द्या. लिहिण्याचा वेग किंचित उतरतो, पण आपल्या विजेची तऱ्हा पाहता हा सौदा परवडतो. ‘रीसिंक’ऐवजी ‘चेक’ दिसलं तर घाबरायचं कारण नाही. डेबियनवर एमडीची, म्हणजे लिनक्सच्या रेडची, मासिक तपासणी पहिल्या रविवारी असते, झेडएफएसची दुसऱ्या रविवारी. तपासणी बंद करू नका, कामाचा दिवस टाळून वेळ बदला.

लाईटच्या धास्तीनं काही जण डिस्कची राइट कॅश, म्हणजे लिहायचा डेटा थोडा वेळ धरणारी मेमरी, बंद करतात. त्यानं लिहिण्याचा वेग सपाट पडतो. ‘एचडीपार्म -डब्ल्यू’, मोठ्या लिपीतल्या डब्ल्यूनं, ती चालू आहे का बघा. बंद असेल तर चालू करा आणि मधल्या जोखमीसाठी ६०० व्हीएचा यूपीएस लावा, यूएसबी पोर्ट असलेला. त्या तारेवरून ‘एनयूटी’ हा प्रोग्राम सर्व्हरला नीट बंद करतो. ती तार नसेल तर बॅटरी संपल्यावर सर्व्हर तसाच आपटतो. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं तर मागचं बटण यूपीएसवर ठेवा. एसएमपीएस लाईटशिवाय साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो आणि दुसऱ्या स्थितीत इन्व्हर्टर त्याहून उशिरा पलटतो.

उन्हाळ्याबद्दल थोडकं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३ च्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. हार्ड डिस्क तापली म्हणून लगेच हळू होत नाही, पण बहुतेक डिस्कना कमाल ६० अंशच चालतात आणि त्याच्या जवळ आयुष्य घटतं. एनव्हीएमई एसएसडी मात्र ७०-८० अंशांवर स्वतःहून वेग कापते. स्मार्टची १९४ क्रमांकाची ओळ बघा. ५० च्या वर असेल तर डिस्कच्या पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावा, दोन डिस्कमध्ये एक खण रिकामा ठेवा. सर्व्हर कूलरच्या झोतात मात्र ठेवू नका. त्या हवेत ओलावा असतो, तो धुळीशी मिळून मदरबोर्डवर थर धरतो.

आता उरलेलं. झेडएफएस पूल (डिस्कांचा एकत्र साठा) ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत उरते आणि लिहिणं मंदावतं. पूल बनवताना ‘एशिफ्ट’ (सेक्टरचं माप) १२ हवा. चुकला तर ती डिस्क-मांडणी मोडून नव्यानं करण्याला पर्याय नाही. ‘एटाइम’ (फाइल शेवटची कधी वाचली याची नोंद) बंद करा, नाहीतर प्रत्येक वाचनामागे एक लिहिणं होतं. व्हिडिओच्या डेटासेटला ‘रेकॉर्डसाइझ’ (एका तुकड्याचं माप) १ एमबी द्या, तो फक्त नव्या फाइलींना लागू होतो. ८ जीबी रॅमवर डीड्यूप (सारख्या डेटाची एकच प्रत ठेवणं) चालू करू नका.

छोट्या फाइलींचा हिशेब असा. ५४०० आरपीएमवर अर्धी फेरी साडेपाच मिलिसेकंद, हात सरकायला दहा-बारा. म्हणजे सेकंदाला साठ-सत्तर ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी ४ केबी उचलले तर सेकंदाला पाव एमबी. रेड ५ वर छोटं लिहिणं आणखी महाग: जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (हरवलेला डेटा उभा करायला ठेवलेली नोंद) वाचा, नवा डेटा आणि नवी पॅरिटी लिहा, एका कामाचे चार हेलपाटे. हा हार्ड डिस्कचा स्वभाव आहे, कुठल्याही सेटिंगनं तो बदलत नाही. टॅलीचा डेटा आणि लाइटरूमचा कॅटलॉग एसएसडीवर ठेवा, जुन्या फोटोंचे फोल्डर झिप करून एक मोठी फाइल म्हणून पाठवा.

साम्बाच्या सेटिंगमध्ये ‘सॉकेट ऑप्शन्स’ची ओळ कुणाच्या जुन्या सल्ल्यानं घातलेली असेल, त्यात ८१९२ सारखे आकडे असतील, तर ती काढून टाका. आजचं लिनक्स बफरचं माप स्वतः ठरवतं आणि ती ओळ त्याचे हात बांधते. साम्बा पुन्हा सुरू करून तीच २० जीबीची फाइल पुन्हा टाका, आणि आलेला आकडा पहिल्या आकड्याशेजारी लिहा.